राखेखालच्या माणसांची घागर

अन्नपूर्णाबाईला कधी गाव खोटं सांगू नये. सांगितलं तर दुसऱ्या प्रश्नाला माणूस उघडा पडतो. "कोन्त्या गावचे हो तुमी?" हा तिचा पहिला प्रश्न आणि "कोनाघरचे?" हा दुसरा. तिसऱ्याची वेळ सहसा येत नाही. तोवर समोरच्याची मावशी हिच्या चुलतसासूच्या भाच्याला दिलेली निघते, आणि एसटीत शेजारी बसलेली अनोळखी बाई नांदुऱ्याला उतरताना हिला पोरीच्या लग्नाचं आवतण देऊन जाते. नातं काढण्यात तिचा हात कोणी धरू शकणार नाही. एकदा तर तिनं वीजबिल द्यायला आलेल्या माणसाला जावयाचा मावसभाऊ ठरवलं आणि जेवल्याशिवाय सोडलं नाही. बिल मात्र तेवढंच राहिलं, हा भाग वेगळा.

तिचं माहेर रोहिणखेड. सासर वडनेर भोलजीहून आत, पूर्णेच्या अंगाला. हा सगळा खारपाण मुलूख. विहिरीला पाणी आहे, पण तोंडात घेववत नाही, वरण शिजत नाही. प्यायचं गोडं पाणी नळाला येतं आणि नळाची मर्जी असेल तेव्हाच येतं. म्हणून इथं दारी आलेल्याला तांब्याभर पाणी देणं हा नुसता रिवाज नाही, तो मान आहे. अन्नपूर्णाबाई तो मान सगळ्यांना देते. गोडं पाणी पाजायचं आणि नातं काढायचं, या दोन कामांत तिची पन्नाशी कधी उलटली ते तिलाही कळलं नाही. एकुलती एक लेक राखी दुसरबीडला दिलेली, सुखात आहे. घरात राहिली दोघंच.

दुसरा म्हणजे नवरा, इंद्रभान. देवानं जोडी लावताना हिशोब बरोबर केलाय. इंद्रभान दिवसभरात जेवढं बोलतो, तेवढं ही चहा गाळता गाळता बोलून टाकते. त्याचं लक्ष सगळं वावरात. त्यातही धुऱ्यात. शेताचा बांध म्हणजे धुरा, आणि इंद्रभानचा धुरा गावात पाहण्यासारखा. दर उन्हाळ्यात तो माती टाकून, चोपून, सरळ करून ठेवणार. गावातली पोरं म्हणतात, काकाजीनं मुलाची हौस धुऱ्यावर भागवली.

या धुऱ्याच्या पलीकडे, वावराच्या शेवटाला, जमीन नदीकडे फाटत गेलेली आहे. नुसत्या घळी. तिथं काही पिकत नाही. चारेक वर्षांमागं त्या घळीत पाठीवर पिशवी, डोक्यावर टोपी अशी एक पोरगी वाकून वाकून काहीतरी वेचताना दिसली. अन्नपूर्णाबाई कपाशीच्या पऱ्हाटीतून तशीच तिकडे गेली. पोरीचं नाव अनुपमा. पुण्याहून आलेली, जुन्या माणसांचा अभ्यास करणारी.

"पुन्याची त हायेस, पन मूळ गाव?"

मूळ गाव निघालं खामगाव. आणि मामी निघाली रोहिणखेडची.

"मंग त तू माही भाचीच झाली वं!" अन्नपूर्णाबाई म्हणाली, आणि परवानगीचा निम्मा प्रश्न तिथंच सुटला. उरलेला निम्मा इंद्रभानचा होता. गावात बोभाटा झाला की इंद्रभानच्या वावरात सोन्याचा हंडा निघणार. इंद्रभाननं दोन दिवस विचार केला आणि म्हणाला, "खांदा. पन धुऱ्याच्या अलीकडं कुदळ नाही आली पाह्यजे." एवढं लांब वाक्य तो पुन्हा कधी बोलेल याची खात्री नव्हती, म्हणून अनुपमानं लगेच मान डोलावली.

खड्डा सुरू झाला. चौकोनी, सुतात, भिंती तासून काढलेल्या. अन्नपूर्णाबाईला तो पहिल्या दिवशीच आवडला. गावातल्या चार बायांबरोबर ती चाळणीवर बसली. माती चाळायची, खडा वाटला तर टाकायचा, गारेचा, म्हणजे गारगोटीचा, तुकडा आला तर बाजूला ठेवायचा. तूर पाखडणाऱ्या बाईला हे काम काय नवं! पण ती चुकाही पुष्कळ करायची. सुंदर दिसणारा प्रत्येक खडा ती "हा पाह्य वं" म्हणून अनुपमापुढं धरायची, आणि दहातले नऊ अनुपमा हसून टाकून द्यायची.

एके दिवशी अनुपमानं स्वतःच एक तांबूस गारेचा दगड तिच्या तळहातावर ठेवला. तळहाताएवढाच. एका बाजूनं धार, दुसऱ्या बाजूनं जाड. अन्नपूर्णाबाईनं मूठ मिटली आणि तिचा अंगठा आपोआप एका खळग्यात जाऊन बसला.

"अवं, बोट ठेवाले जागा केली हाय यानं!"

"केलीच आहे, काकू. कातडं खरवडायला, लाकूड तासायला. एक एक कपची उडवून बनवलाय. इथंच बसून बनवलाय, कारण उडालेल्या कपच्यासुद्धा इथंच पडल्यात."

अन्नपूर्णाबाई त्या दगडाकडं पाहत राहिली. मग तिनं विचारू नये ते विचारलं, म्हणजे नेहमीचंच विचारलं. "कोन्त्या गावचा होता हा?"

अनुपमा हसली. "याच गावचा म्हणायचा."

"अन् कोनाघरचा?"

ती म्हणाली, "तेच तर शोधतोय. बैलाच्या जातीच्या एका मोठ्या जनावराचा दात मिळाला, पण माणसाचं हाड नाही. आपल्या देशात एवढ्या जुन्या माणसाचं हाड मिळणंच मुश्कील. तिकडं नर्मदेच्या काठावर अर्धी कवटी सापडलेली, तीच काय ती. बाकी सगळीकडं दगड आहेत, दगड करणारे नाहीत."

अन्नपूर्णाबाईच्या आयुष्यात दुसऱ्या प्रश्नाला उत्तर न देणारा हा पहिलाच माणूस. तिला ते लागून राहिलं. आपल्याच वावरात राहून गेलेली माणसं आणि आपल्याला त्यांचं नातं ठाऊक नाही, म्हणजे काय? भाकरी थापताना ती इंद्रभानला म्हणायची, "कोन असतीन जी ते?" इंद्रभान म्हणायचा, "असतीन कोनी." त्याच्यापुरता विषय तिथं संपायचा.

तिसऱ्या हंगामात, चैत्र सरता सरता, खड्ड्याच्या धुऱ्याकडच्या भिंतीत दगडांच्या वरच्या अंगाला चार बोटं जाडीचा पांढुरका पट्टा उघडा पडला. हाताला पिठासारखा मऊ. तो पाहून अनुपमा टाळ्या पिटत नाचलीच.

"काकू, ही राख आहे! लय जुनी राख. हिचं वय कळलं की झालं. दगड हिच्या खाली आहेत, म्हणजे हिच्याहून जुने. तीन वर्षं याचीच वाट पाहत होते मी."

तिनं पट्ट्यावर खिळा ठोकून एक चिठ्ठी टांगली. नमुना मात्र लगेच घेतला नाही. आखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती, आणि सणानंतर तिचे सर स्वतः येऊन नमुना घेणार होते. अनुपमा सणाला खामगावला मामाकडं गेली. काम बंद झालं.

आता राख म्हटल्यावर अन्नपूर्णाबाईच्या डोळ्यांपुढं काय आलं असेल? तुमच्याआमच्या डोळ्यांपुढं येतं तेच. चूल. राख दुसरी कुठून येते? तिला वाटलं, मिळाली एकदाची त्यांची चूल. दगड घडवायचे, जनावर मारायचं आणि इथं शिजवून खायचे. चूल होती म्हणजे घर होतं. घर होतं म्हणजे घरधनीण होती.

आणि आखजी तर पितरांचा सण. घराघरांत मातीची नवी घागर भरायची, तिच्यावर खरबूज ठेवायचं, आंब्याचा रस-पोळीचा निवद दाखवायचा आणि चुलीतल्या निखाऱ्यावर घास टाकत गेलेल्यांची नावं घ्यायची. उन्हाच्या कहारात त्यांना गार पाणी मिळावं, एवढाच त्याचा अर्थ. अन्नपूर्णाबाई सासऱ्याची, सासूची आणि आजेसासऱ्याची घागर भरते. त्या वर्षी सणाच्या आदल्या दिवशी ती इंद्रभानला म्हणाली, "खड्ड्यातल्यायची एक भराव म्हनतो मी."

"घागर आपल्या मानसायची रायते," इंद्रभान म्हणाला. "ते आपले कोन?"

"आपल्याच वावरात रायत होते नं?"

"वावरात त डुक्करंबी रायतेत. त्यायचीबी भर."

अन्नपूर्णाबाई गप्प बसली. ती गप्प बसली की समजावं, ठरवून झालेलं आहे.

आखजीच्या दिवशी घरचा निवद आटोपून, भर उन्हात, ती डोक्यावर गोड्या पाण्याची घागर आणि काखेत शेणाचं टोपलं घेऊन खड्ड्यात उतरली. पितरांची घागर उघड्या मातीवर ठेवत नाहीत. आधी जागा सारवायची. नुसत्या शेणानं सारवण भुरकं दिसतं, त्यात पांढरी माती पाहिजे. आणि पांढरी माती समोरच होती. त्यांच्याच चुलीची राख त्यांच्याच जागेला लावायची, याच्याहून पवित्र काय? तिनं चिठ्ठी हलक्या हातानं काढून दगडाखाली ठेवली, खुरप्यानं पट्टा खरवडला, पार मागच्या मातीपर्यंत खरवडला, शेणात कालवला आणि खड्ड्याची जमीन अशी सारवली की आरशासारखी दिसावी. उरलेलं भिंतीला दिलं. भिंत पोतारताना हात इतका छान चालला की थांबवत नव्हता. चिठ्ठी तिनं आठवणीनं परत टांगली. मग घागर ठेवली, वर खरबूज, बाजूला पोळी. हात जोडले.

"कोनाघरचे ते मले माहीत नाही," ती म्हणाली. "पन पानी प्या बावा."

घरी परतताना ती फार खुशीत होती. एवढी की वाटेत भेटलेल्या म्हशीशीही दोन शब्द बोलली.

दुसऱ्या दिवशी अनुपमा आली. खड्ड्याच्या काठावर उभी राहिली आणि मग तिथंच खाली बसली. ओरडली नाही. ओरडली असती तर अन्नपूर्णाबाईला बरं वाटलं असतं.

"काकू, इथला पांढरा पट्टा कुठं गेला?"

"सारवलं नं मी. तुले चांगलं नाही वाटलं का? त्यायच्याच चुलीची राख होती, दुसऱ्या कोनाची नाही लावली."

अनुपमानं डोळे मिटून घेतले. मग तिनं सांगितलं, जमेल तेवढ्या शांतपणे. ती राख चुलीची नव्हती. आभाळातून पडलेली होती. सत्तरेक हजार वर्षांमागं समुद्रापल्याड एक आगीचा डोंगर फुटला होता. त्याची राख वाऱ्यानं येऊन आपल्या देशावर पडली, इथंही पडली. ही तीच राख आहे का, ते तपासायचं होतं. ती असती तर खालच्या दगडांच्या वयाला पुरावा मिळाला असता. आता ती शेणात कालवली गेली होती. "दुसरा पुरावा नाही, काकू," अनुपमा म्हणाली.

अन्नपूर्णाबाईला सगळं कळलं नाही, पण पुरतं कळलं. ज्यांचं नातं काढायला ती तीन वर्षं धडपडत होती, त्यांच्या बाजूनं बोलणारी एकच साक्ष होती, आणि ती हिनं स्वतःच्या हातानं भुईला फासली होती. पाजायला गेली पाणी आणि पुसून आली नाव. तिला इतकं वाईट वाटलं, इतकी लाज वाटली, की माफ कर म्हणायलाही तोंड उघडेना. ती घरी आली, ओसरीवर बसली आणि बोलायचीच बंद झाली.

आता इंद्रभान घाबरला. लग्नापासून इतक्या वर्षांत घरात असा शुकशुकाट त्यानं ऐकला नव्हता. "ताप हाय का वं?" त्यानं विचारलं. नाही. "राखीचा फोन आलता का?" नाही. शेवटी रडत रडत तिनं सांगितलं. सांगताना एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "पोरगी मले काकू म्हने जी, अन् मी असं केलं."

इंद्रभान उठला. दुपट्टा खांद्यावर टाकून खड्ड्याकडं गेला. अनुपमा तिथंच होती, सरांशी फोनवर बोलत. सर म्हणत होते, पट्टा भिंतीत आतपर्यंत गेलेला असू शकतो. भिंत मागं कापत जा. असला तर मिळेल. नसला तर नाही, कारण अशी राख एका जागी साठते आणि दोन हातांवर वाहून गेलेली असते. अनुपमानं फोन ठेवला आणि भिंतीकडं पाहिलं. भिंतीच्या वर धुरा होता. इंद्रभानचा धुरा, त्याच महिन्यात चोपून सरळ केलेला. तिनं विचारायचा धीर केला नाही. तिनं शब्द दिला होता.

इंद्रभानही धुऱ्याकडं पाहत होता. मग घरी आला, कुदळ घेतली आणि अन्नपूर्णाबाईला म्हणाला, "चाल."

पहिली कुदळ त्यानंच घातली. वरची माती त्यानं मजुरांना काढू दिली नाही, स्वतः काढली. "धुऱ्याचं का हाय, पुन्हा टाकता येते," तो म्हणाला, पण कुणाकडं न पाहता म्हणाला. खालचं नाजूक काम अनुपमानं हातात घेतलं. वीतभर भिंत मागं गेली. काही नाही, नुसती तांबूस माती. अजून वीतभर. अन्नपूर्णाबाई खड्ड्याच्या काठावर दोन्ही तळहात मांडीखाली दाबून बसली होती. आज हातांचा भरवसा नाही, असं तिचं म्हणणं. अजून थोडी माती निघाली आणि अनुपमाची थापी थांबली. तिनं ब्रशनं झाडलं. बोटभर जाडीची, फिकट, सरळ रेघ. स्वच्छ. आत, इंद्रभानच्या वावराखाली गेलेली.

अनुपमा वर आली ती थेट काकूंच्या गळ्यातच पडली. अन्नपूर्णाबाई पुन्हा रडली, पण हे रडणं निराळं होतं. त्या संध्याकाळी तिची बोलती परत आली आणि इंद्रभाननं भाकर जरा जास्तच खाल्ली.

नमुना तपासायला गेला. पावसाळा गेला, कापूस वेचून झाला, हरभरा घाट्यावर आला, तेव्हा अनुपमाचा फोन आला. अन्नपूर्णाबाईनं स्पीकर लावला. इंद्रभान खाटेवर होता.

"काकू, तीच राख आहे! राखेत काचेचे बारीक कण असतात, त्यांच्यावरून पटलं. म्हणजे तुमच्या वावरातले दगड सत्तर हजार वर्षांच्या पलीकडचे."

"बाई वं बाई!" अन्नपूर्णाबाई म्हणाली. आनंदानं तिचा चेहरा फुलला. मग तिनं विचारलंच, "अन् मंग कोनाघरचे निंगाले ते?"

"ते नाही सांगता येत, काकू. आपल्यासारखी माणसं तेव्हा इथवर पोचली होती की नाही, यावर मोठमोठ्या लोकांची भांडणं चालू आहेत. कदाचित ती माणसाचाच दुसरा प्रकार असतील. आपल्यासारखीच, पण आपली नव्हे. असे प्रकार होते पूर्वी, नंतर संपले. त्यांचा वंश पुढं चाललाही नसेल."

"म्हंजे आपले नाही ते?"

"नसतीलही, काकू."

फोन ठेवल्यावर अन्नपूर्णाबाई हरभरा सोलत बसली. दगड खरे निघाले, पोरीचं काम झालं, आपलं पाप धुतलं गेलं, यात तिला समाधान होतं आणि ते खोटं नव्हतं. पण नातं निघालं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच निघालं नव्हतं. तिला तो अंगठ्याचा खळगा आठवायचा आणि मन थोडं खट्टू व्हायचं. नवरा म्हणत होता तेच खरं, घागर आपल्या माणसांची असते. गावातल्या बाया चेष्टेनं विचारायच्या, "काय वं, पावने कोनाघरचे निंगाले?" ती हसून म्हणायची, "नाही लागला बाई पत्ता." आणि विषय बदलायची.

आखजी पुन्हा आली. नळाला पाणी होतं, आंबे बरे उतरले होते, राखी सणाला येणार होती. अन्नपूर्णाबाईनं इंद्रभानला वडनेरच्या बाजारात पाठवताना घागरी सांगितल्या. सासऱ्याची, सासूबाईची आणि आजेसासऱ्याची. खड्ड्याचं नावही काढलं नाही. आता विचारायचं कशाला, आणि हो म्हणायचं तरी त्यानं कशावरून?

इंद्रभान दुपारी आला. ओसरीवर त्यानं पोतं सोडलं आणि कडब्यात गुंडाळलेल्या घागरी एक एक करून काढून मांडल्या. सगळ्या काढून झाल्या, तरी पोत्यात हात होताच. त्यानं आणखी एक काढली आणि बाकीच्यांच्या रांगेत ठेवली. तेवढीच, तशीच.

"काऊन जी, एक जास्तीची आनली?"

इंद्रभान रांजणाकडं जाऊन पाय धुऊ लागला. "खड्ड्यातल्यायची हाय ते."

अन्नपूर्णाबाईला खरंच वाटेना. "पन ते त आपले नाही म्हने नं. तुमच्यासमोरच त सांगे अनुपमा, त्यायचा वंशबी नाही राह्यला."

त्यानं दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

"म्हून त आनली," इंद्रभान म्हणाला. "आपल्यायले आपून हावो. त्यायले दुसरं कोन हाय?"